मानाचा थर

मनू मेस्त्रीने आयुष्यात अकरा पुष्पक विमानं केली आणि त्यातलं एकही उडालं नाही. हे मी त्याला चिडवायला म्हणतो, पण खोटं नाही. आमच्या लालबाग-परळच्या मंडळांना दर दोन-तीन वर्षांनी रामायणाचा देखावा सुचतो. देखाव्यात विमान लागतं, आणि फायबरचं विमान म्हटलं की मनूच. तारांना टांगलेल्या त्या विमानाचे लोक दहा दिवस फोटो काढतात, अकराव्या दिवशी ते कुठल्यातरी गोदामात उलटं पडतं, आणि पुढच्या वर्षी त्यात मंडळाच्या खुर्च्या रचलेल्या दिसतात.

मी दीपक धुरी. पोस्टात होतो, आता निवृत्त. मनूच्या आणि माझ्या खोलीत एकच भिंत आहे, आणि आमच्या भांडणांनीही ती पडली नाही म्हणजे मजबूतच म्हणायची. दोघांचेही वडील मालवणकडून आले, एकाच गिरणीत एकाच पाळीला लागले आणि संपात एकदमच घरी बसले. मी परीक्षा देऊन सरकारी नोकरी धरली. मनू शाळेत कच्चा, पण रक्त सुताराचं, म्हणून सोळाव्या वर्षी तो एका मूर्तिकाराकडे साचे घासायला लागला. आज तो एकोणसाठ वर्षांचा आहे आणि परळला एका बंद गिरणीच्या भिंतीला लागून त्याची स्वतःची लांबलचक पत्र्याची शेड आहे. निवृत्तीनंतर मी रोज सकाळी तिथे जाऊन बसतो. चहा पितो आणि अक्कल शिकवतो, दोन्ही फुकट.

फायबरचं काम सांगायला सोपं आहे. साच्यात काचेच्या धाग्यांचं कापड अंथरायचं, त्यावर ब्रशने रेझिन, म्हणजे सुकून कडक होणारं चिकट रसायन, मारायचं, रोलर फिरवून बुडबुडे काढायचे, की झाला एक थर. मग त्यावर दुसरा, मग तिसरा. सुकलं की साच्यातून सोडवायचं. किती थर, ते वस्तूवर ठरतं. पण मनू ज्या वस्तादाकडे शिकला त्यांच्याकडे एक रिवाज होता. ठरलेले थर झाले की शेवटी एक थर देवाच्या नावाने द्यायचा. त्याला ते मानाचा थर म्हणत. त्याचं कापड आणि रेझिन कारागिराच्या पदरचं. तो गिऱ्हाइकाच्या बिलात लावायचा नाही, बोलून दाखवायचा नाही आणि मुख्य म्हणजे मोजायचा नाही. मिरवणुकीत मूर्तीला धक्के बसतात, पोरं अंगावर चढतात, तेव्हा हा न मोजलेला थरच तिला सांभाळतो, असं वस्ताद सांगायचे. मनूच्या हातून गेलेल्या मूर्तीला आजवर तडा गेलेला नाही, त्यामुळे या विषयात मीही कधी अक्कल शिकवली नाही.

तीन वर्षांपूर्वी मनूने एका मंडळाला गरुड करून दिला. अठरा फुटी पंख आणि सगळा गरुड दोन बारीक तारांवर. रांगेतली एक बाई दर्शन सोडून त्या पंखाखाली थांबली आणि बोटाच्या पेराने टिचक्या मारून ऐकायला लागली. स्वयंसेवकांनी हटकलं, तेव्हा तिने उलट त्यांनाच विचारलं की हे कुणी केलं. ती इरावती केळकर. गिरगावची, पस्तिशीची, विमानाचं इंजिनिअरिंग शिकलेली, परदेशात ग्लायडर बनवणाऱ्या कारखान्यात सहा वर्षं काम करून परत आलेली. विसर्जनानंतर तिसऱ्या दिवशी ती शेडमध्ये हजर झाली आणि रंगाच्या डब्यावर बसून म्हणाली की तिला दोन माणसांचं ग्लायडर बनवायचंय, स्वतःच्या इंजिनावर उडणारं, आणि त्याचं सगळं अंग मनूने घडवावं.

मी लगेच तोंड घातलं. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं, एवढं मला शब्दकोड्यांमुळे माहीत होतं. मग इंजिन असेल तर ते ग्लायडर कसलं? इरावतीने न चिडता समजावलं. साध्या ग्लायडरला वर न्यायला दुसरं कुणीतरी लागतं, एखादं विमान नाहीतर दोर ओढणारं यंत्र. हिचं कुणावर अवलंबून राहणार नव्हतं. सीटांच्या मागे, पोटात, एक लहान इंजिन आणि त्याला दांड्यावर बसवलेला पंखा. उडताना तो दांडा कासवाच्या मानेसारखा बाहेर येणार, ग्लायडरला हजार मीटर वर नेणार, आणि काम झालं की पुन्हा पोटात जाणार. वर झाकण लागलं की पुढे नुसती हवा. एक किलोमीटर खाली येईपर्यंत ते छत्तीस किलोमीटर पुढे जाणार होतं. मी मनात मांडून पाहिलं. लालबागवर इंजिन बंद केलं तर बाई भाईंदरला उतरणार होती.

मनूने एकच विचारलं, दुसऱ्या सीटवर कोण बसणार? चाचण्या पार पडल्या की तुम्हीच बसा, असं इरावती सहज म्हणून गेली. मनू आजवर विमानात बसलेला नाही. गावाला जातो तो एसटीने, तीही पुढची सीट मिळाली तरच. त्या दिवसापासून ती दुसरी सीट त्याची झाली. आठवड्याभरात अख्ख्या चाळीला कळलं. त्याची बायको ललिता म्हणाली, आधी जाऊन बीपी दाखवून या. पण भाजीवाल्याला तिने स्वतःच सांगितलं होतं, हे मला पक्कं माहीत आहे.

काम दोन वर्षं चाललं. सुरुवातीला मनूची बोटं आणि इरावतीचा वजनकाटा यांची रोज जुंपायची. मनू रेझिन अंदाजाने ओतणारा. इरावती प्रत्येक पेला काट्यावर ठेवून वहीत लिहायला लावणारी. त्यावर ती प्लॅस्टिकची पिशवी लावून पंपाने आतली हवा ओढून घ्यायची, म्हणजे थर एकमेकांना घट्ट बसायचे आणि जादा रेझिन बाहेर यायचं. मनूने ते चार दिवसांत उचललं आणि पाचव्या दिवशी तिची पिशवी फुसफुसते कुठे ते तिलाच दाखवलं. मग मात्र दोघांचं जमलं. साडेआठ मीटरचे दोन पंख तिने शेजारी उभं राहून करून घेतले. शेपटीची पाळी आली तेव्हा तिला परवानग्यांसाठी पंधरा दिवस दिल्लीला जावं लागलं. नकाशा तिने भिंतीला चिकटवून ठेवला होता. थर तीन.

त्या पंधरा दिवसांत मी रोज तिथे होतो, म्हणून हे सांगतो. शेपटीचे भाग सुटे होते, उभा, आडवा आणि त्यांना बिजागऱ्यांवर जोडायचे हलणारे तुकडे. तीन थरांनी जी जाडी व्हायची ती चार पोस्टकार्डं एकावर एक ठेवली तर होते तेवढी. मनू ती जाडी दोन बोटांत धरून बराच वेळ बसला. मग म्हणाला, "दीपक्या, गरुडात कोण बसणा नाय रे. ह्येच्यात माणसां बसतली."

त्याने कपाट उघडून स्वतःच्या पैशाने आणलेलं कापड काढलं. मी तोंडाने देवाचं नाव घेतलं आणि म्हटलं, टाक. आम्हा दोघांनाही त्यात लपवाछपवी वाटली नाही. नारळ फोडताना कुणी पावती करतं का?

मे महिन्यात वजनाचा दिवस आला. मिरची गल्लीतल्या ओळखीच्या दुकानातून गोण्या तोलायचे काटे आणले. त्यांच्या खाचांत इतकं तिखट बसलेलं की भारताच्या हवाई इतिहासातला हा क्षण आम्ही सगळ्यांनी शिंकत साजरा केला. इरावतीने आकडे लिहिले, पुन्हा लिहिले, काटे बदलून पुन्हा लिहिले. शेपटी चार किलो जड भरत होती.

चार किलो म्हणजे काय, असं मला वाटलं. पण शेपटी लांब असते. तिथे एक किलो वाढला की तोल सांभाळायला नाकात अडीच किलो शिसं भरावं लागतं. म्हणजे मागचे चार आणि पुढचे दहा, असे चौदा किलो फुकट गेले, आणि ते वजा झाले दोन माणसांच्या वजनातून. माणसांना मिळून एकशे सत्तर किलोंची मुभा होती, ती एकशे छप्पन्नवर आली. चाचण्या घेणारा पायलट पुष्कर नव्वद किलोचा. उरले सहासष्ट. मनू अठ्ठ्याहत्तर. मी त्याला दुधी भोपळ्याचा रस सुचवला, पण तो हसला नाही.

इरावतीला मात्र चौदा किलोंचं दुःख नव्हतं. तिला कळत नव्हतं की हे वजन आलं कुठून. वहीत कापड बरोबर होतं, रेझिन बरोबर होतं. तिने मनूला विचारलं, थर तीनच ना? मनू म्हणाला, तीनच. तिने मलाही विचारलं, कारण मी पोस्टातला, साक्षीला बरा. मीही म्हणालो, तीनच. आणि देवाशपथ सांगतो, आम्ही दोघेही खोटं बोलत नव्हतो. मानाचा थर आकड्यात धरायचा असतो हे आमच्या डोक्यातच आलं नाही.

मग आठ दिवस ती पोर शेडच्या कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन स्वतःला खात बसली. शेपटीचं वजन काढताना आपण चुकलो असू, तर पंखाचंही चुकलो असू. वजन चुकलं असेल तर ताकदही चुकली असेल. तिचं एकेका आकड्यावरचं मन उडत चाललं होतं. आठव्या दिवशी तिने पुष्करला फोन करून सांगितलं की दुसरी सीट काढून टाकू, एका माणसाचं म्हणूनच पुढे नेऊ, तेही झालं तर. दोन माणसांचं बनवायची आपली लायकी नाही, असंही ती म्हणाली. मनू तेव्हा साच्याला पॉलिश करत होता. त्याचा हात थांबलेला मी पाहिला. त्याची सीट गेली होती.

फोन ठेवून ती मनूजवळ आली. शेवटचा एक उपाय उरला होता. शेपटीतून रुपयाएवढा तुकडा कापायचा, भट्टीत रेझिन जाळून टाकायचं आणि खाली उरलेलं कापड मोजायचं. तुमच्या कामाला भोक पाडावं लागतंय, माफ करा, असं ती मनूला म्हणाली. हवेतून वजन येत नाही काका, कुठून तरी आलंच असणार.

मनूने फडकं खाली ठेवलं. त्याला काय कळलं ते मला त्याच क्षणी कळलं.

"कापू नका मॅडम," तो म्हणाला. "चार निघतील."

"तुम्ही तीन म्हणालात."

"तीनच आहेत. चौथा मानाचा. तो मोजत नाहीत."

मग त्याने तिला सगळं सांगितलं, वस्तादांपासून कपाटातल्या कापडापर्यंत. मध्येच मीही कबूल केलं की टाक म्हणणारा मी होतो. इरावती ऐकत राहिली. ती हसेल असं मला एकदा वाटलं, पण ती चिडली, आणि तिचं चिडणं रास्त होतं. आठ दिवस मी स्वतःला मूर्ख समजत होते, ती म्हणाली. आणि मग तिने मनूला ते सांगितलं जे मी आजही विसरलेलो नाही. शेपटीचे हलणारे तुकडे जड झाले तर वेगात ते फडफडायला लागतात. एकदा फडफड सुरू झाली की काही सेकंदांत शेपटी तुटते. हिशेब लागत नाही म्हणून तिने थांबवलं. न थांबवता उडवलं असतं, तर पुष्कर गेला असता.

मनू खाली बसला. माणसं वाचावीत म्हणून त्याने जे दिलं होतं, तेच माणसाच्या जिवावर उठलं होतं. चाळीस वर्षांत मी त्याला चिडलेलं पाहिलंय, दमलेलं पाहिलंय, पण इतका लहान झालेला कधी पाहिला नव्हता. मला त्याची दया आली आणि माझी स्वतःची लाज वाटली.

इरावतीने तुकडा तरीही कापला. पंखांचेही दोन कापले. आता तिचा आमच्या शब्दावर विश्वास नव्हता, आणि मला ते आवडलं. शेपटीत चार निघाले, पंखांत जितके हवे तितकेच. तिचे आकडे पहिल्यापासून बरोबर होते. ते कळल्यावर ती शेडबाहेर जाऊन रडली, आणि परत आली तेव्हा तिने मनूसाठीही चहा सांगितला होता.

शेपटी नव्याने करायची ठरली. दिवस जूनचे, म्हणजे मनूच्या धंद्याचे. शेड गणपतींनी भरलेली, फोन वाजायचा थांबत नव्हता. मनू पहाटे सहाला यायचा, नऊपर्यंत शेपटी करायचा आणि मग मूर्तींना लागायचा. पहिला थर, दुसरा, तिसरा. प्रत्येक वेळी तो मोठ्याने आकडा म्हणायचा आणि मी वहीत लिहायचो. तिसरा झाला की त्याचे हात अस्वस्थ व्हायचे. पहिल्या दिवशी तर तो रेझिनचा ब्रश घेऊन नुसताच उभा राहिला. मान चुकवणं त्याच्याने होईना, आणि देणंही शक्य नव्हतं.

तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच तोड काढली. इरावतीला विचारलं, साचा जड झाला तर काय बिघडतं? ती म्हणाली, काहीच नाही, साचा जेवढा जड तेवढा चांगला, वाकणार नाही. मनूने कपाटातलं कापड काढलं आणि साच्याच्या बाहेरच्या अंगाला चौथा थर दिला. इरावतीने तेही वहीत लिहायला लावलं. नोंद माझ्या अक्षरात आहे: साचा, बाहेरून, मानाचा, एक.

ऑगस्टमध्ये नवी शेपटी काट्यावर चढली. ठरल्यापेक्षा चाळीस ग्रॅम कमी. त्या दिवशीही सगळे शिंकलो, पण कुणाची तक्रार नव्हती.

नोव्हेंबरात घाटापलीकडच्या एका माळावरच्या धावपट्टीवर ग्लायडर नेलं. पुष्करने दोन आठवडे एकट्याने उडवून बघितलं, आधी पाच मिनिटं, मग पंधरा, मग तासभर. मग इरावतीने आम्हाला बोलावलं. ललिताही आली, नवी साडी नेसून. दुसऱ्या सीटवर आता पहिल्यांदा माणूस बसणार होता, आणि तो मान इरावतीचा, यात कुणाला शंका नव्हती. मनूही मागे हात बांधून लांब उभा होता. मे महिन्यानंतर त्याने त्या सीटचं नावही काढलं नव्हतं.

इरावती त्याच्याजवळ आली. "शेपटी तुमची आहे," ती म्हणाली. "मी तिच्या भरवशावर बसणार आहे. आधी तुम्ही बसा, मग मी."

शिक्षा होती की बक्षीस, मला अजून ठरवता येत नाही. मनूला ठरवायचं नव्हतं. त्याने चपला काढल्या, ग्लायडरला नमस्कार केला आणि आत बसला. ललिताने डोळे मिटून घेतले. इंजिन गरजलं, ग्लायडर माळावरून धावलं आणि उठलं. पार वर गेल्यावर आवाज एकदम बंद झाला. मला ठाऊक होतं की तो बंदच होणार आहे, तरी मी देवाचं नाव घेतलं. पंखा पोटात गेला, आणि वर फक्त एक पांढरी रेघ वळणं घेत राहिली. वीस मिनिटांत येणार होते. पन्नास मिनिटांनी आले.

मनू उतरला तेव्हा त्याचे डोळे लाल होते आणि तो हसत होता. कसं होतं विचारलं तर म्हणाला, वर पंख वाकतात रे, हातभर वाकतात आणि परत सरळ होतात. पण मी घाबरलो नाही, असंही म्हणाला. मग तो मागे गेला, शेपटीचा प्रत्येक सांधा बोटाने चाचपला, बिजागऱ्या हलवून पाहिल्या, आणि इरावतीसमोर येऊन उभा राहिला.

"बसा मॅडम," तो म्हणाला. "मी सांगतो."

ती बसली. तिचे पट्टे त्यानेच आवळले. ग्लायडरला मध्ये एकच मोठं चाक असतं, त्यामुळे निघताना एक पंख जमिनीला टेकलेला असतो. वेग येईपर्यंत कुणीतरी तो उचलून बरोबर धावावं लागतं. ते काम धावपट्टीवरच्या माणसाचं होतं. मनूने त्याला बाजूला केलं, पंखाचं टोक तळहातावर घेतलं आणि पुष्करला हात केला. एकोणसाठ वर्षांचा माणूस, अनवाणी, त्या माळावर धावत सुटला. दहा पावलं, वीस पावलं, मग पंख त्याच्या हातावरून आपोआप उचलला गेला आणि पुढे निघून गेला. मनू धापा टाकत तिथेच उभा राहिला. तळहात अजून तसाच पुढे धरलेला होता, आणि त्यावर काहीच वजन नव्हतं.